विश्लेषण : लेक मैदानात, आई बांधीत… मुलांचा खेळ पाहण्याचा आनंद गोंदियातील पालकांच्या वाट्याला का येत नाही?

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि आई डॉ. नम्रता देशमुख यांच्या गळ्यात पडून ती रडली. तीनच महिन्यांनी, ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून भारताला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नेले. तिचे वडील आणि पहिले प्रशिक्षक आयव्हन रॉड्रिग्ज तेव्हा प्रेक्षकांत होते. ही दोन्ही दृश्ये मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली गेली. धावफलक विसरला जाईल, पण मुलीकडे पाहणाऱ्या आईबापांचा चेहरा लक्षात राहील, अशी ती दृश्ये आहेत.

मात्र या चित्रात आईबाप तिथे हजर आहेत, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. गोंदियासारख्या धानपट्ट्यात हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. मूल खेळते, जिंकते, कधी विभागापर्यंत पोहोचते आणि घरच्यांनी त्याला मैदानात एकदाही पाहिलेले नसते. असे का होते?

शालेय स्पर्धा नेमक्या कधी होतात?

राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत घेतल्या जातात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय अशी ही शिडी आहे. राष्ट्रीय स्पर्धा साधारण हिवाळ्यात होत असल्याने उलट मोजत यावे लागते. राज्य स्पर्धा दिवाळीच्या आसपास किंवा नंतर, विभागीय त्याआधी, जिल्हा त्याहून आधी आणि तालुका पातळी पावसाळ्यातच. सुब्रतो मुखर्जी फुटबॉलच्या फेऱ्या तर शाळा सुरू होऊन जेमतेम महिना होतो तोच लागतात.

आता हेच महिने शेतकऱ्याच्या नजरेने पाहू. जिल्ह्याचे खरिपाचे मुख्य पीक धान. जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोवणी चालते. पाऊस लांबला की ती आणखी पुढे सरकते आणि एकदा बांधीत पाणी साचले की थांबता येत नाही. पऱ्हे ठरावीक दिवसांचे झाले की लावावेच लागतात. ऑक्टोबरच्या शेवटी हलका धान कापणीला येतो, मग भारी धान, बांधणी, मळणी आणि धान खरेदी केंद्रावरची रांग. म्हणजे तालुका स्पर्धा रोवणीच्या तोंडावर आणि पुढची फेरी कापणीच्या तोंडावर, असे वेळापत्रक जुळून येते. ते कोणी मुद्दाम केलेले नाही. पुण्यात बसून आखलेल्या कॅलेंडरला धानाची बांधी दिसत नाही, एवढेच.

यातही फटका बसतो तो आईला. रोवणी मुख्यतः बायकांच्या हातांनी होते. गावातल्या बायका गट करून एकरामागे ठरलेल्या पैशांवर काम घेतात. गटातली एक जण कमी झाली की बाकीच्यांवर ताण येतो आणि तिची त्या दिवसाची मजुरीही जाते. मुलीचा खो-खोचा सामना आहे म्हणून आज येत नाही, असे सांगणे तिला सोपे नसते. त्यामुळे तिने सुट्टी मागितलीच नाही तर तिला आवड नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

अंतराचा प्रश्न किती मोठा?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा आहे. गोंदिया शहर उत्तरेच्या टोकाला आहे. अर्जुनी मोरगाव आणि देवरीकडच्या गावांतून जिल्हास्तरीय सामन्यासाठी यायचे तर पहाटे निघावे लागते. अर्जुनीहून गोंदिया-बल्लारशा मार्गावरची रेल्वे आहे, पण तिची वेळ सामन्याच्या वेळेशी जुळेलच असे नाही. सालेकसा आणि देवरीच्या जंगलपट्ट्यातून बसची फेरी हुकली तर काळी-पिवळीची वाट पाहायची. संघाला घेऊन जाणारे क्रीडा शिक्षकच गाडी ठरवतात, तीत खेळाडू, पाण्याचा कॅन आणि साहित्य बसले की पालकांना जागा उरत नाही. अनेक शाळांत तर स्वतंत्र क्रीडा शिक्षकच नाही. गणिताचे किंवा मराठीचे सर शिट्टी गळ्यात घालतात.

विभाग म्हटला की नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे सहा जिल्हे येतात आणि स्पर्धा त्यातल्या कुठेही असू शकते. गोंदियाहून नागपूरच रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. राज्य स्पर्धा पश्चिम महाराष्ट्रात असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेसने एका बाजूच्या प्रवासालाच एक दिवसाहून जास्त लागतो. मुलाचा सामना वीस मिनिटांत संपू शकतो.

आश्रमशाळेतील मुलांचे काय?

देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. या प्रकल्पातील आश्रमशाळांच्या वेगळ्या क्रीडा स्पर्धा होतात, प्रकल्प पातळीवरून पुढे विभाग आणि राज्यापर्यंत. ही मुले वसतिगृहात राहतात. त्यांच्या बाबतीत पालक सामन्याला न येणे हा अपवाद नसून नियमच आहे. टाळ्या वाजवायला असतात ते अधीक्षक, शिक्षक आणि बरोबरची मुले. मे २०१८ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्ट सर केले, तेव्हा त्यांच्या घरच्यांपर्यंतही ती गोष्ट बातमी म्हणूनच पोहोचली. एव्हरेस्टवर कोणाचेच पालक जाऊ शकत नाहीत हे खरे, पण कबड्डीच्या मैदानावर तरी जाता यायला हवे. सुट्टीत घरी आलेले मूल पिशवीतून प्रमाणपत्र काढते. वडील ते उलटसुलट करून पाहतात आणि देव्हाऱ्याजवळ ठेवतात. खेळ कसा झाला, हे मुलाने सांगितले तेवढेच कळते.

मग मंडईच्या दिवसांतल्या कबड्डीला गर्दी कशी होते?

दिवाळीनंतर जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दंडार होते, नाटक होते आणि धान घरात आल्यावर गावातल्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. लाकडी खांबांवर बल्ब लागतात, मैदानावर माती टाकली जाते आणि लाउडस्पीकरवरून चढाईपटूचे नाव पुकारले जाते. तेव्हा तोच बाप, जो ऑगस्टमध्ये तालुक्याला गेला नव्हता, रात्री बारापर्यंत मैदानाच्या कडेला उकिडवा बसलेला दिसतो. आवड नसती तर ही गर्दी झाली नसती. म्हणजे अडचण वेळेची आणि जागेची आहे.

एक फरक मात्र नोंदवायला हवा. या रात्रीच्या मैदानांवर बहुतेक मुले आणि तरुण खेळतात. मुलींचा खेळ जास्त करून शाळेच्या संघापुरता राहतो आणि शाळेचा सामना रोवणीत येतो. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया, अशी नोंद असलेला हा जिल्हा आहे. पण लेकीला खेळताना पाहण्याची संधी मुलाच्या तुलनेत कमीच मिळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात महाराष्ट्राची प्रियंका इंगळे भारतीय महिला संघाची कर्णधार होती आणि संघ जिंकला. या खेळात मुलींना भवितव्य आहे, हे आता वेगळे सांगावे लागत नाही.

पाहण्यातला आनंद म्हणजे नेमके काय?

घरात मूल आपल्याला एकाच बाजूने माहीत असते. अभ्यास करत नाही, भाजी संपवत नाही, मोबाइल सोडत नाही. मैदानावर ते दुसऱ्यांचे असते. घरी धड उत्तर न देणारी मुलगी चढाईला जाताना ‘कबड्डी कबड्डी’चा दम तीस सेकंद सोडत नाही. तिच्या पाठीवरच्या नंबराने अनोळखी माणसे तिला हाक मारतात. ती चुकते तेव्हा तिची मैत्रीण तिच्या खांद्यावर हात ठेवते. या मुलीचे आपल्याला माहीत नसलेले एक जग आहे आणि तिथे तिला किंमत आहे, हे आईला पहिल्यांदा दिसते. ऊर भरून येतो तो बहुधा इथे. गुणफलक नंतर येतो.

खो-खो पाहणाऱ्या पालकांना हा अनुभव वेगळ्या तऱ्हेने येतो. पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ जणींपैकी आठ जणी चौकोनात बसलेल्या असतात, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. त्यामुळे एका बाजूला उभ्या पालकाला अर्ध्या संघाच्या पाठीच दिसतात. नऊ मिनिटांच्या डावात आपल्या मुलीला खो किती वेळा मिळेल याचा नेम नसतो. तरी नजर तिच्यावरच खिळलेली असते. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभ्या मुलाकडे पाहणाऱ्या आईचेही तेच. बाकी सगळे चेंडूकडे पाहत असतात, ती एकटीच त्याच्याकडे.

विदर्भातील बौद्ध घरांत मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार शब्द परिचयाचे आहेत. दुसऱ्याच्या आनंदाने आनंदणे म्हणजे मुदिता. चौथ्या शब्दाचा अर्थ आज आपण दुर्लक्ष असा घेतो, पण मुळात तो मनाचा तोल आहे. मूल हरले तरी न डगमगता तिथे उभे राहणे, यालाही उपेक्षाच म्हणता येईल. पालकांना पहिला भाग सहज जमतो, दुसरा जड जातो.

आनंदात हिशेब कधी शिरतो?

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शिवाय पोलिस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक. कारखाने कमी, राइस मिलमधली मजुरी बेताची, अशा जिल्ह्यात पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलामुलींकडे घर भविष्य म्हणून पाहते. त्यात गैर काही नाही. शहरातल्या सुखवस्तू घराने ‘खेळ खेळासाठी खेळावा’ असे सांगणे सोपे आहे. एकरभर धानावर चार माणसे जगवणाऱ्या घराला तो उपदेश करू नये.

पण या हिशेबाने पाहण्याची नजर बदलते, हेही खरे. मग तालुक्याला हरलेला सामना म्हणजे बुडालेले गुण ठरतात. आणखी एक पायरी खाली गेले की बनावट क्रीडा प्रमाणपत्रे येतात. त्यांच्या आधारे सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली आहेत. वय कमी दाखवून खालच्या गटात खेळवणे हा तर जुनाच आजार आहे. त्यात जन्मतारखेचा कागद आणणारा हात बहुतेक वेळा घरातलाच असतो आणि जागा जाते ती खऱ्या वयाने खेळणाऱ्या मुलाची.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १६३ पालक-मुलांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घराच्या उत्पन्नातील जितका जास्त वाटा मुलाच्या खेळावर खर्च होतो, तितका मुलाला पालकांचा दबाव जास्त जाणवतो आणि खेळातली मजा व टिकून राहण्याची इच्छा कमी होते, असे त्यात दिसले. अभ्यास लहान आहे आणि परिस्थिती अमेरिकेची आहे. तरी कर्ज काढून किट घेणाऱ्या घरांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इथे खर्चाचा आकडा लहान असेल, उत्पन्नातला वाटा लहान नसतो.

ब्रूस ब्राऊन आणि रॉब मिलर या अमेरिकी प्रशिक्षकांनी अनेक वर्षे महाविद्यालयीन खेळाडूंना विचारले की, लहानपणीच्या खेळातली सर्वांत वाईट आठवण कोणती? अनेकांचे उत्तर होते, सामन्यानंतर आईबाबांबरोबर घरी परतण्याचा प्रवास. पालकांचे कोणते बोलणे आवडायचे, तर ‘तुला खेळताना पाहायला मला आवडते’ एवढेच. ही पाहणी शास्त्रीय काटेकोरपणे केलेली नव्हती. पण ज्याने लहानपणी सामना हरून बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून घर गाठले आहे, त्याला पुरावा लागणार नाही. मोटारसायकलवर एक सोय असते, चेहरा दिसत नाही. एक गैरसोयही असते, बापाचा आवाज वाऱ्यावर थेट कानात येतो.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीत ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवले. त्याचे लक्ष खेळावर राहावे म्हणून आदल्या दिवशी त्याला फोन केला नाही, असे त्याच्या शिक्षक वडिलांनी तेव्हा सांगितले होते. सातारा जिल्ह्यातील शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ मध्ये १७ व्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती झाली. तिच्या शिक्षक वडिलांनी तिच्या सरावासाठी गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केले. नागपूरचा ओजस देवतळे सरावासाठी साताऱ्याला गेला आणि त्याच वर्षी पुरुष गटात विश्वविजेता झाला, म्हणजे त्याच्या घरच्यांनी मुलाला डोळ्याआड राहू दिले. एकाने फोन टाळला, एकाने घर हलवले, एकाने अंतर सोसले. पालक असण्याची एकच रीत यातून काढता येत नाही.

नॉर्वेने मात्र रीत लिहूनच काढली आहे. तिथल्या क्रीडा संघटनेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये ते सुधारले. त्यानुसार ११ व्या वर्षापर्यंत निकालांच्या क्रमवाऱ्या नाहीत आणि १३ व्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. सुमारे ५५ लाख लोकसंख्येचा हा देश २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकांसह पहिला आला. बर्फाचा देश हिवाळी खेळात पुढे असणारच, हे मान्य. पण क्रमवारी नसल्याने मुले मागे पडली, असेही झाले नाही.

मोबाइलवर थेट प्रक्षेपण हा मार्ग आहे का?

काही प्रमाणात आहे. गावातल्या कबड्डी स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात. तेच शालेय सामन्यांसाठी करायला एक फोन, एक तिपाई आणि एक पॉवर बँक पुरते. ४८० पिक्सेलचे चित्र एक एमबीपीएसच्या आसपास जाते, म्हणजे तासाला साधारण अर्धा जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एक सामना सहज बसतो. बांधावर बसून शिदोरी सोडताना आईला मुलीचा डाव पाहता येईल. नेटवर्क नसेल तिथे शिक्षकांनी तीन मिनिटांची चित्रफीत संध्याकाळी ग्रुपवर टाकली तरी चालते. अनेक शिक्षक हे आपणहून करतातच.

अडचण दुसरीकडे आहे. अल्पवयीन मुलींची चित्रफीत सर्वांसाठी खुली ठेवणे धोक्याचे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. म्हणून लिंक फक्त पालकांच्या ग्रुपपुरती ठेवणे आणि प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घेणे शहाणपणाचे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. पालक मैदानाजवळ असणे ही त्यातली सर्वांत स्वस्त व्यवस्था ठरू शकते, कारण ज्या मुलीचे घरचे कडेला बसलेले आहेत तिच्याशी वावगे वागण्याआधी कोणीही दोनदा विचार करतो.

तारखा बदलता येतील का?

विभाग आणि राज्य पातळीच्या तारखा राष्ट्रीय वेळापत्रकाला बांधलेल्या असतात. तिथे जिल्ह्याच्या हातात फारसे नाही. तालुका पातळीवर मात्र थोडी मोकळीक असते. रोवणी आटोपल्यावर आणि धान निसवण्याआधी, पोळ्याच्या मागेपुढे काही आठवडे असे असतात की शेतात निंदणी आणि खत एवढेच काम उरते. आठपैकी निदान दूरच्या तालुक्यांचे सामने या दिवसांत बसवले तर घरातले कोणीतरी येऊ शकते. पावसाने मैदानात चिखल होईल, हा आक्षेप खरा आहे. पण तो जुलैतल्या सामन्यांनाही लागू आहे.

याहून साधी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. ते शाळेला मिळते त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर टाकले, तर आई नाही तर आजोबा सकाळची काळी-पिवळी पकडू शकतात. कागदावर सामना दहाला असतो. चुना आखून, पंच येऊन, दोन्ही संघ जमेपर्यंत साडेअकरा वाजतात. तेवढ्यात देवरीहूनही पोहोचता येते.